उशाजवळची टिपणं आणि 3 ऑक्टोबरची दुपार

सोमवार, 3 ऑक्टोबर 1960. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा भरलेली. वरच्या व्यासपीठावर अध्यक्ष, आयर्लंडचे फ्रेडरिक बोलंड, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड. खाली भाषणाला उभे होते सोव्हिएत पंतप्रधान निकिता ख्रुश्चेव. ज्याच्यावर तोफ डागायची तो माणूस त्यांच्या पाठीमागेच बसला होता.

ख्रुश्चेव यांचं म्हणणं आडपडदा न ठेवता मांडलेलं होतं. या गृहस्थांवर आमचा विश्वास उरलेला नाही. हे पद एका माणसाकडे नकोच, तिघांकडे द्या: एक पाश्चात्त्यांचा, एक समाजवादी देशांचा, एक अलिप्त देशांचा. आणि यांच्या अंगी मानानं, सरदारासारखं पायउतार होण्याचं धैर्य नसेल, तर त्यातून जो निष्कर्ष काढायचा तो आम्ही काढू.

त्याच दुपारी हॅमरशोल्ड यांनी उत्तर दिलं. धैर्याचा विषय निघालाच होता, तर त्यांनी तोच शब्द उचलला. राजीनामा देणं फार सोपं आहे, राहणं तितकं सोपं नाही. बड्या सत्तेच्या मर्जीपुढे मान तुकवणं सोपं, तिला अडवून धरणं ही वेगळी गोष्ट. आणि मग मुद्द्याचं: रशियाला किंवा दुसऱ्या कुठल्या बड्या राष्ट्राला स्वतःच्या रक्षणासाठी या संघटनेची गरज नाही. गरज आहे ती बाकी सगळ्यांना. संघटना आधी त्यांची आहे, आणि त्यांची इच्छा असेल तोवर, मुदत संपेपर्यंत, तिचा सेवक म्हणून मी या जागी राहीन.

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या काही मिनिटं थांबेनात. ख्रुश्चेव आणि त्यांची मंडळी बाकांवर मुठी आपटत होती. (ख्रुश्चेव यांनी बाकावर बूट आपटल्याचा गाजलेला किस्सा या दिवसाचा नाही. तो 12 ऑक्टोबरचा. लोक दोन्हींची सरमिसळ करतात.)

मी शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी प्रशिक्षणवर्ग घेतो आणि हे प्रकरण तिथे गेली काही वर्षं मांडतोय. नेतृत्व म्हटलं की लोक भाषणाकडे बघतात. या प्रकरणात बघण्यासारखी गोष्ट भाषणाच्या आधीची आहे. सकाळी जगातल्या दोन महासत्तांपैकी एकीनं भर सभेत तोंडावर 'चालते व्हा' म्हटलं आणि दुपारी हा माणूस रागाचा एक शब्द न काढता, स्वतःची कैफियत न मांडता, लहान देशांबद्दल बोलतो. हे दोन-तीन तासांत सुचलेलं नसतं. आत कुठेतरी हा वाद आधीच होऊन गेलेला असतो.

तो झाला होता याचा कागदी पुरावा आपल्या हाताशी आहे. इतक्या वरच्या पदावरच्या माणसाचा असा पुरावा क्वचित मिळतो, म्हणून हे प्रकरण निवडलं.

पेच कसा तयार झाला

थोडक्यात सांगतो, कारण काँगोचा गुंता सांगायला बसलो तर पुरा पडणार नाही. 30 जून 1960 ला बेल्जियमच्या ताब्यातला काँगो स्वतंत्र झाला. आठवड्याभरात सैन्यात बंड, मग बेल्जियन फौजा परत, आणि 11 जुलैला तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत फुटून निघाला. काँगोच्या सरकारनं राष्ट्रसंघाकडे मदत मागितली. सुरक्षा परिषदेनं मध्यरात्र उलटेपर्यंत बसून ठराव केला आणि दोनेक दिवसांत पहिल्या तुकड्या उतरल्या.

पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांना हवं होतं की या फौजेनं कटांगात घुसून फुटीरांना मोडून काढावं. हॅमरशोल्ड यांचं म्हणणं, आम्ही घरातल्या भांडणात बाजू घेणार नाही. 5 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष कासावुबू यांनी लुमुम्बांना बडतर्फ केलं, लुमुम्बांनी त्यांना. त्या गोंधळात राष्ट्रसंघाच्या तिथल्या अधिकाऱ्यानं विमानतळ आणि रेडिओ केंद्र बंद केलं. कागदावर हा निर्णय दोघांनाही सारखा लागू होता. प्रत्यक्षात रेडिओवरून लोकांना हाक घालण्याची ताकद लुमुम्बांची होती, त्यामुळे फटका त्यांना बसला. 14 तारखेला कर्नल मोबुटूनं सत्ता हाती घेतली.

मॉस्कोचा राग तिथून पेटला. तरीही 20 सप्टेंबरला आमसभेनं सरचिटणीसांच्या बाजूनं ठराव केला तो 70 विरुद्ध 0 मतांनी, 11 तटस्थ. तीनच दिवसांनी ख्रुश्चेव यांनी तिघांच्या कारभाराची कल्पना मांडली आणि 3 ऑक्टोबरला थेट राजीनामा मागितला. ते वर्ष लक्षात घ्या: एका वर्षात 17 नवे देश राष्ट्रसंघात आले, जवळजवळ सगळे आफ्रिकेतले. 'बाकी सगळे' हे शब्द त्या दुपारी ज्यांनी ऐकले त्यांतल्या कित्येकांचा झेंडा तिथे लागून पंधरा दिवसही झाले नव्हते.

खणात सापडलेलं

सप्टेंबर 1961 मध्ये हॅमरशोल्ड विमान अपघातात गेले. त्यानंतर त्यांच्या न्यूयॉर्कच्या घरात, उशाजवळच्या टेबलात, त्यांच्या खासगी टिपणांचं एक हस्तलिखित सापडलं. सोबत एका स्वीडिश मित्राच्या नावे चिठ्ठी, तारीख न घातलेली. तीत लिहिलं होतं की ही माझ्या स्वतःशी आणि देवाशी चाललेल्या वाटाघाटींची एक प्रकारची श्वेतपत्रिका आहे. वाटलं तर छाप.

'वाटाघाटी' हा शब्द मला फार आवडतो. ज्या माणसानं 1956 च्या सुवेझ कालव्याच्या युद्धाच्या वेळी इजिप्त-ब्रिटन-फ्रान्स-इस्रायल यांच्यात मार्ग काढला, चिनी कैदेतल्या अमेरिकन वैमानिकांसाठी 1955 च्या जानेवारीत पेकिंगला जाऊन चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याशी बोलणी केली, त्याचा हा रोजचा व्यवसायातला शब्द. स्वतःच्या मनाशीही तो तसाच बसत होता: समोरासमोर, दोन पक्ष, दोघांचेही काही हट्ट.

आपला वाद आपल्याशीच, ही कल्पना मराठी घरात कुणाला शिकवावी लागत नाही. मनाला 'सज्जना' म्हणून हाक मारत वाढलेली माणसं आपण. हॅमरशोल्ड मात्र मनाला सज्जन मानून सुरुवात करत नाहीत. ते स्वतःला 'तू' म्हणतात आणि उलटतपासणी घेतात. एका टिपणात म्हटलंय, स्तुती ऐकली की तुला मळमळतं, पण तुझी किंमत न ओळखणाऱ्याची मात्र खैर नाही. दुसऱ्या एका ठिकाणी: ऐकतोस वाईट, वाचतोस त्याहून वाईट, विषय तू स्वतः असलास तर गोष्ट वेगळी.

हे वाचून वर्गात हमखास कुणीतरी हसतं आणि मग गप्प होतं.

स्वतःशी 'तू' म्हणून बोलण्याला अलीकडे शास्त्राचाही आधार मिळालाय. मिशिगन विद्यापीठाचे ईथन क्रॉस आणि सहकारी यांनी 2014 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांसमोर भाषण करण्यासारख्या ताणाच्या प्रसंगाआधी जे स्वतःशी 'मी, मी' करत बोलले त्यांच्यापेक्षा, 'तू' म्हणून किंवा स्वतःचं नाव घेऊन बोलणाऱ्यांनी भाषण बरं केलं आणि नंतर तेच तेच उगाळण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. स्वतःपासून हातभर लांब उभं राहून बोललं की मन ऐकतं, असा त्याचा साधा अर्थ.

पण 'तू हे करू शकतोस, तू भारी आहेस' असं आरशासमोर म्हणायला लावणाऱ्या वर्गांशी हॅमरशोल्ड यांच्या टिपणांचं काहीच जमत नाही. त्यांत धीर देणारी वाक्यं फार थोडी आहेत. 1952 च्या पानांवर तर निव्वळ काळोख आहे: जगण्याला अर्थ असावा एवढंच मागतोय, आणि हे मागणंच हास्यास्पद आहे. तेव्हा ते पन्नाशीच्या अलीकडचे, स्वीडनच्या मंत्रिमंडळात, अर्थशास्त्रातले डॉक्टरेट, वडील एकेकाळचे पंतप्रधान. बाहेरून पाहणाऱ्याला काय कमी होतं?

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या सगळ्या टिपणांत त्यांच्या नोकरीबद्दल जवळजवळ काहीच नाही. ख्रुश्चेव नाहीत, सुवेझ नाही, काँगो हा शब्द नाही. कोण काय बोललं, मी कसं उत्तर दिलं, शेवटी माझंच कसं बरोबर ठरलं, यातलं अवाक्षर नाही. आपण दिवसभराच्या भांडणानंतर रात्री मनात जे चालवतो ना, 'त्यानं असं म्हटलं तेव्हा मी असं म्हणायला हवं होतं', ती फेरसुनावणी इथे सापडत नाही. नेतृत्व करणाऱ्या माणसाची निम्मी ताकद त्या फेरसुनावणीत जाते, हे मी माझ्यावरून सांगतो.

मग तिथे काय आहे? 1955 च्या नोंदींतलं एक टिपण मी फळ्यावर लिहून ठेवतो. आशय असा: तुझ्या पदानं तुला हुकूम सोडण्याचा अधिकार मिळत नाही, तुझे हुकूम घेताना समोरच्याला अपमान वाटणार नाही अशा रीतीनं जगण्याचं कर्तव्य मात्र तुझ्यावर येतं. 'वागण्याचं' कर्तव्य म्हटलेलं नाही, 'जगण्याचं' म्हटलंय. ऑफिसच्या वेळेपुरतं आवाज खाली ठेवून ते भागत नाही.

पद मिळण्याआधीचे आभार

1953 सालची पहिलीच नोंद. लहानपणी घरी वर्षअखेरीला आई एक स्वीडिश भजन वाचायची, त्यातली 'रात्र जवळ येतेय' अशी ओळ ते बरीच वर्षं नववर्षाच्या नोंदीला वर घालत. त्या ओळीखाली त्या वर्षी दोनच वाक्यं आहेत. जे झालं त्या सगळ्यासाठी: आभार. जे येणार त्या सगळ्याला: होय.

आता तारखा बघा. ही नोंद वर्षाच्या सुरुवातीची. सरचिटणीसपदासाठी त्यांचं नाव सुरक्षा परिषदेनं सुचवलं ते 31 मार्चला. बातमी स्टॉकहोमला पोचली तेव्हा रात्र उलटून 1 एप्रिल लागला होता आणि त्यांना वाटलं कुणीतरी एप्रिल फूल करतंय. म्हणजे आभार मानले तेव्हा हाती काहीही आलेलं नव्हतं. मागे होतं ते 1952, ज्याच्याबद्दल वर लिहिलंय.

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे. आपण कृतज्ञता म्हणजे पावती समजतो: काही मिळालं, म्हणून आभार. पावती फाडली की पुढच्या मालाची वाट बघायची. हॅमरशोल्ड यांनी वर्ष अंधारात गेलेलं असताना खातं बंद केलं. जगाकडे माझं काही येणं राहिलेलं नाही. अशा माणसाला नंतर पद दिलं काय आणि काढून घेतो म्हटलं काय, दोन्ही वेळा त्याच्या वहीत येणे-बाकीच्या रकान्यात शून्यच. 3 ऑक्टोबरला ख्रुश्चेव ज्या गोष्टीची धमकी देत होते ती या माणसानं कधी आपली म्हणून जमा धरलीच नव्हती.

यावर शंका घेता येते, आणि एका सरांनी घेतलीही: 'येणं नव्हतं, तर सोडून का नाही दिलं? चिकटून का राहिले?' बरोबर प्रश्न. त्याचं उत्तर चार वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं. 31 ऑक्टोबर 1956 ला, ब्रिटन आणि फ्रान्स इजिप्तवर चालून गेले तेव्हा, याच माणसानं सुरक्षा परिषदेत उभं राहून सुचवलं होतं की सरचिटणीसाचं कर्तव्य याहून वेगळं आहे असं सदस्यांना वाटत असेल तर त्यांनी खुशाल तसं पाऊल उचलावं. म्हणजे मी बाजूला होतो. तेव्हा बड्यांनाच राष्ट्रसंघाची सनद पाळायची आठवण द्यायची होती आणि खुर्ची पणाला लावणं हा त्याचा मार्ग होता. 1960 मध्ये खुर्ची सोडणं म्हणजे ती तीन तुकड्यांत वाटली जाणं, आणि लहान देशांचा एकमेव आधार मोडणं. प्रश्न दोन्ही वेळा एकच विचारला: कुणासाठी? उत्तरं उलटी आली. 26 सप्टेंबरला ते आमसभेत म्हणालेच होते की प्रश्न माणसाचा नाही, संस्थेचा आहे. तडजोडी करत वाहवत जाण्यापेक्षा निःपक्षपणाला धरून हे पद मोडलं तरी मला चालेल.

वह्या खुर्च्यांवर राहिल्या

थोडं विषयांतर. काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं आमच्या वर्गात सगळ्यांना 'कृतज्ञता डायरी' वाटली. गुळगुळीत पुठ्ठा, आत रोजच्या तीन रेघा, वर छापलेलं: आज मी कृतज्ञ आहे कारण. संध्याकाळी हॉल आवरायला गेलो तर निम्म्या डायऱ्या खुर्च्यांवर. एका बाई मुख्याध्यापिकांना विचारलं तर म्हणाल्या, 'सर, आभार मानायचे, पण कुणाचे ते लिहायला जागाच ठेवली नाही हो.'

अशा याद्या लिहून काही होत नाही असं नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी 2003 मध्ये हे तपासलं. आठवड्याला पाचपर्यंत कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना, रोजच्या कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा, आपलं आयुष्य बरं चाललंय असं जास्त वाटलं. छान. पण हे लिहिणाऱ्याला काय वाटलं याचं मोजमाप झालं. हाताखालच्या माणसाला त्यातून काय मिळालं? 2010 मध्ये ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो यांनी एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांचा प्रयोग केला. संचालक बाई येऊन एकदाच, मनापासून, 'तुमच्या कामाबद्दल आभार' म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्या लोकांचे फोन निम्म्याहून जास्त वाढले. हा प्रयोग सांगितला की वर्गातल्या काहींचे डोळे चमकतात, आणि मला तीच भीती वाटते. फोन वाढावेत म्हणून मानलेले आभार शिपायालाही दुसऱ्या खेपेला ओळखू येतात.

हॅमरशोल्ड यांचं 'कुणाचे' कसं होतं ते बघू.

ते रुजू झाले तेव्हा राष्ट्रसंघाचं सचिवालय पार खचलेलं होतं. अमेरिकेत मॅकार्थींचा जमाना. कर्मचाऱ्यांत कम्युनिस्ट किती, याची चौकशी चाललेली. एफबीआय या अमेरिकी तपासयंत्रणेची माणसं थेट राष्ट्रसंघाच्या इमारतीत बसून बोटांचे ठसे घेत होती. विमानतळावर उतरवून घ्यायला आलेल्या आधीच्या सरचिटणीसांनी, त्रिग्वे ली यांनी, स्वागतातच सांगितलं की पृथ्वीतलावरची सर्वांत अशक्य नोकरी तुम्ही पत्करताय. नव्या साहेबांनी सुरुवातीच्या काळात इमारतीतला एकेक मजला पालथा घातला, खोल्याखोल्यांतून जाऊन कर्मचाऱ्यांशी हात मिळवला. आणि त्याच वर्षअखेरीला एफबीआयला इमारतीबाहेर काढलं. नुसते हात मिळवले असते तर ती भेट झाली असती. नंतरच्या हुकमानं तिला वजन आलं.

दुसरं, ती खोली. राष्ट्रसंघाच्या इमारतीत पाहुण्यांच्या दालनाला लागून एक शांतीकक्ष आहे. 1957 मध्ये हॅमरशोल्ड यांनी तो स्वतः लक्ष घालून नव्यानं मांडून घेतला, रंगापासून प्रकाशापर्यंत. कक्ष आत जाताना रुंद, पुढे निमुळता. एकाही धर्माचं चिन्ह नाही, मूर्ती नाही. समोर एक भित्तिचित्र, आणि मधोमध स्वीडनहून आणलेला लोहखनिजाचा ठोकळा, साडेसहा टनांचा. वरून प्रकाशाचा एकच झोत त्याच्या घासून चकचकीत केलेल्या माथ्यावर पडतो, बाकी खोली अंधूक. येणाऱ्यांसाठी त्यांनी छोटंसं पत्रक लिहिलं: आपल्या प्रत्येकाच्या आत शांततेनं वेढलेलं एक स्तब्ध केंद्र असतं. आणि त्या लोखंडाबद्दल, की माणसानं याच्याच तलवारी घडवल्या आणि याचेच नांगराचे फाळ. आत मिटिंग नाही, घोषणा नाही, बसायला साधी बाकं. स्वतःशी बोलायची सवय ज्याला उपयोगी पडली त्यानं ती दुसऱ्यांना उपदेशातून न देता बसायला जागा करून दिली.

तिसरं उदाहरण आपल्याकडचं. 1960 च्या सप्टेंबरात काँगोत हॅमरशोल्ड यांचे प्रतिनिधी म्हणून राजेश्वर दयाळ गेले. भारतीय परराष्ट्रसेवेतले मुरलेले अधिकारी. त्यांनी मोबुटूची सत्ता वैध मानायला नकार दिला, म्हणून वॉशिंग्टन, ब्रसेल्स आणि लिओपोल्डव्हिल (काँगोची तेव्हाची राजधानी) तिघांनीही त्यांच्या मागे ससेमिरा लावला. मॉस्को हॅमरशोल्ड यांना पश्चिमेचा हस्तक म्हणत होतं आणि त्याच वेळी पश्चिम त्यांच्या माणसाला हटवा म्हणत होती! महिनोन्‌महिने त्यांनी दयाळ यांना पाठीशी घातलं. शेवटी मे 1961 मध्ये दयाळ यांनी पद सोडलं; काँगोला ते परतले नाहीत. ही जीत नव्हती. पण हाताखालच्या माणसाचं देणं किती काळ फेडत राहायचं असतं, याचा अंदाज येतो. त्या वसंतात भारतानं काँगोला आख्खी ब्रिगेड पाठवली. तिच्यातल्या कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना डिसेंबर 1961 मधल्या लढाईतल्या शौर्याबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. ते पाहायला हॅमरशोल्ड उरले नव्हते.

जिथे हे अपुरं पडलं

इथपर्यंत आलं की प्रकरणाचा पोवाडा होण्याचा धोका असतो, म्हणून लुमुम्बांकडे परत.

17 जानेवारी 1961 ला त्यांना कटांगात नेऊन गोळ्या घातल्या. बातमी फुटली 13 फेब्रुवारीला. दोन दिवसांनी सुरक्षा परिषदेच्या प्रेक्षागृहात दंगल उसळली. रशियानं जाहीर केलं की हॅमरशोल्ड यांना आम्ही सरचिटणीस मानतच नाही. आफ्रिका-आशियातल्या काही देशांनी आपल्या तुकड्या परत बोलावल्या. 'बाकी सगळ्यां'पैकीच काहींनी पाठ फिरवली.

राष्ट्रसंघाच्या सैनिकांनी लुमुम्बांना त्यांच्या घरात संरक्षण दिलं होतं. तिथून ते स्वतः निसटले आणि पकडले गेले. हे खरं. पण 5 सप्टेंबरनंतरच्या त्या विमानतळ-रेडिओ निर्णयानं पारडं झुकलं, आणि तटस्थ राहण्याचा नियम इतका कडक धरला गेला की समोर घडणारं थांबवण्याची ताकद असूनही हात बांधलेले राहिले, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. स्वतःशी प्रामाणिक बोलणारा माणूसही चुकीच्या निष्कर्षावर तितक्याच शांतपणे पोचू शकतो. आतला संवाद माणसाचा हेतू गाळून घेतो. लिओपोल्डव्हिलच्या रेडिओ केंद्राला कुलूप लावल्यावर कुणाचा आवाज बंद होईल, हे कळायला बाहेरच्या माणसांचं ऐकावं लागतं, आणि तिथे हा एकटा, अविवाहित, अडतिसाव्या मजल्यावर बसणारा माणूस कमी पडला असेल. एकटेपणाबद्दल त्यांनी स्वतःच टिपणांत किती लिहिलंय.

त्याच हिवाळ्यातली एक छोटी नोंद कवितेसारखी आहे. वाट आहे, ती चालायची. प्याला आहे, तो रिकामा करायचा. वेदना आहे, ती झाकायची. कुठेही तक्रार नाही, आणि 'मी' नाही. मात्र यात आभारही नाहीत, हे मी वर्गात मुद्दाम दाखवतो. कृतज्ञतेचा झरा रोज वाहतोच असं नाही. 1953 चं 'होय' 1961 पर्यंत पुरवून वापरावं लागलं. त्या वर्षी पेंटेकॉस्टच्या ख्रिस्ती सणाला त्यांनी लिहिलं की प्रश्न कुणी विचारला, कधी विचारला, आठवत नाही. उत्तर दिल्याचंही आठवत नाही. पण कधीतरी मी कुणालातरी होय म्हटलं, आणि तेव्हापासून जगण्याला अर्थ आहे याची खात्री पटली. नऊ वर्षांपूर्वी जे मागणं हास्यास्पद वाटलं होतं, तेच हे.

8 सप्टेंबर

दरवर्षी राष्ट्रसंघात कर्मचारी दिन असतो. 1961 चा 8 सप्टेंबरला झाला. समोर टंकलेखक, दुभाषे, हिशेबनीस, सुरक्षारक्षक. वर्षभर त्यांनीही ऐकलं होतं की तुमचा साहेब खुनी आहे, तुमची संस्था कुणाची तरी बटीक आहे. हॅमरशोल्ड यांनी त्यांना जे सांगितलं त्याचा गाभा असा: आपलं काम किती मोठं, असं जगाला सांगत फिरणं हा खोटा अभिमान. पण आपल्या कामाला अर्थ आहे हे न ओळखणं, आणि कृतज्ञतेनं न ओळखणं, ही खोटी नम्रता. तीही शेवटी तितकीच घातक. पहिली चूक टाळतो तितक्याच काळजीनं आपण दुसरीही टाळू या.

मी हे भाषण पहिल्यांदा वाचलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली नव्हती. एरवी साहेब कर्मचाऱ्यांना म्हणतो, मी तुमचा आभारी आहे. इथे साहेब त्यांना सांगतोय की तुम्ही तुमच्या कामाचे आभारी व्हा, त्यात कमीपणा नाही. आठ वर्षं रात्री स्वतःला जे समजावलं, ते त्यानं त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्यानं, सगळ्यांसमोर म्हटलं, आणि 'तू' च्या जागी 'आपण' घातलं.

त्यानंतर चार दिवसांनी ते काँगोला निघाले. 17 तारखेच्या रात्री कटांगाचे फुटीर नेते चोंबे यांना भेटायला जाताना एन्डोलाजवळ (आताच्या झांबियात) त्यांचं विमान कोसळलं. विमानातले सोळाही जण गेले, त्यांतला एक सुरक्षारक्षक काही दिवसांनी इस्पितळात. लिओपोल्डव्हिलच्या मुक्कामी त्यांच्या पलंगाशेजारी एक जुना भक्तिग्रंथ होता. पानखूण म्हणून त्यात एक टाइप केलेला कागद घातलेला होता: सरचिटणीसपदाची शपथ. टिपणं त्यांनी सोबत नेली नव्हती. त्यांतली शेवटची नोंद 24 ऑगस्टची आहे. एका अनोळखी मुलखाबद्दल लिहिलंय, की आता तिथला नकाशा कळू लागलाय, आणि दिशाही.